सुईणीचा उजवा कान

वारा पहाटेपासूनच पिसाळला होता. कोरडा, गरम, तोंड उघडलं की दातांत माती कचकचणारा. गल्लीतले पत्रे थडाथड आपटत होते. समोरच्या गॅरेजची पाटी एका खिळ्यावर लोंबकळत भिंतीवर डोकं आपटून घेत होती. असा वारा सुटला की कारखान्यांतले पंखे चोंदतात आणि पंखे चोंदले की मोटर चालवणारे ड्राइव्ह जळतात. म्हणून सुईण सकाळी सातलाच दुकान उघडून जमिनीवर फतकल मारून बसली होती. पुढ्यात चार ड्राइव्ह उघडे टाकलेले. रंगाचा जुना ब्रश, रॉकेलची वाटी, फडकं. एकेका पंख्याच्या पात्यांमधली तेलात मळलेली धूळ ती खरवडून काढायची, फुंकर मारायची आणि धुळीला एक शिवी हासडायची. दर पंख्याला शिवी नवी. तेवढाच विरंगुळा.

तीन पंखे झाले. चौथा हातात घेतला आणि दारात उजेड अडला.

रबराच्या कारखान्यातल्या मिस्त्रीची लेक उभी होती. नेहमी लांबूनच “मावशी, चहा झाला का” म्हणून ओरडणारी पोरगी. आज ओढणी छातीपासून खाली लालभडक, आणि रक्त तिचं नव्हतं.

“मावशी, बाबांचा हात गेला.”

“गेला म्हणजे?”

“मिलमध्ये. कोपरापर्यंत. ह्यांनी बटण दाबलं तेव्हा बाबांचा हात रुळांत होता.” एवढं बोलून तिने दाराची चौकट धरली. “पैलवानदादा म्हणतोय मुद्दाम केलं. मावशी, त्याने ह्यांना लोखंडी रॉडने मारलंय. एक डोळा उघडत नाही. जबडा असा खाली आलाय. दादा बाबांना घेऊन हॉस्पिटलात गेलाय. जाताना ह्यांना सांगून गेला, मी परत येईपर्यंतचे श्वास मोजून घे.”

“नवरा कुठे आहे तुझा?”

“स्टोअरमध्ये कोंडलाय. साहेब म्हणतात त्याच्याच भल्यासाठी.”

सुईणीने ब्रश वाटीत टाकला. “खरं सांग पोरी. मुद्दाम केलं का त्याने?”

पोरीने मान वर केली. “काल भांडले दोघं. मामा-मामा करणाऱ्याने सासऱ्याची कॉलर धरली. सगळ्यांनी बघितलं. पण भांडण कशावरनं झालं, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच होतात ना मध्ये.”

सुईण उठली. काळ्या पिशवीत स्क्रूड्रायव्हर, मीटर आणि आवाजाचा आलेख दाखवणारं स्पेक्ट्रमचं यंत्र कोंबलं, शटर ओढलं आणि पोरीला स्कूटरवर मागे घेतलं.

तिला सुईण हे नाव मिस्त्रीनेच ठेवलेलं. हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर मोटरच्या पोटाला टेकवायचा, मूठ उजव्या कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं, ही तिची पद्धत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मिस्त्री म्हणाला होता, “काय हो सुईणबाई, पायाळू आहे का?” सगळी मिल हसली आणि नाव चिकटलं. तिनेही ते लावून घेतलं, कारण बेअरिंग कधी जाणार, तारांच्या वेटोळ्यात कुठे ओल शिरली, हे ती खरोखरच आधी सांगायची आणि तिचं सहसा चुकायचं नाही.

सगळं उजव्या कानावर. डावा नवऱ्याने घालवला होता. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी, भाजी थंड म्हणून. एकच थप्पड, पण पडदा फाटला, आणि नंतर पुष्कळ दिवस त्या कानातून पिवळं पाणी येत राहिलं. पुढची सहा वर्षं तो डाव्या हाताने मारायचा नाही, कारण उजव्याने सवय झाली होती. ज्या दिवशी त्याने डावा हात उगारला, त्या दिवशी तिने टेबलावरचा मेगर, म्हणजे वायरींचं इन्सुलेशन तपासायचा चार किलोचा डबा, दोन्ही हातांनी उचलून त्याच्या तोंडावर घातला. पुढचे तीन दात फरशीवर. तो दात वेचत असताना तिने पिशवी भरली. “एक कान दिला, दुसरा नाही,” असं ती पुढे गमतीने सांगायची. ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळायचं नाही.

तर असा तो कान. त्याच्यावर तिचं पोट, त्याच्यावरच तिचा तोरा.

ड्राइव्ह काय करतो, हे ती कामगारांना सोपं करून सांगायची. मोटरला पाहिजे तो वेग द्यायचा तर विजेची धार सरळ सोडून चालत नाही, तुकडे करून सोडावी लागते. कधी रुंद तुकडा, कधी अरुंद. पुस्तकात ह्याला पीडब्ल्यूएम म्हणतात. सेकंदाला चार हजार वेळा तोडायची. मोटरच्या अंगाला ती तोडातोड कळत नाही, ती आपली गरगर फिरते. पण तिच्या आतलं लोखंड मात्र त्या तोडण्याने किंचाळतं. बारीक, एकसुरी, दात आंबवणारी किंकाळी. स्पेक्ट्रमच्या यंत्रावर ती चित्रासारखी दिसते. डावीकडे एक जाडजूड खांब, तो मोटर फिरवणाऱ्या खऱ्या विजेचा. मग लांबपर्यंत ओसाड माळ. आणि पार उजवीकडे चार हजारांपाशी एक पुढारी, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरावर उभे त्याचे चमचे. मोटर जोरात फिरली की चमचे लांब सरकतात. मोटर हळू झाली की जवळ येतात. आणि मोटर चालू असून जागच्या जागी उभी असेल तर चमचे पुढाऱ्याला चिकटून एकच सुळका होतो.

मिलवर नेमकं हेच उभं राहणं महत्त्वाचं होतं. मिल म्हणजे माणसाच्या कमरेएवढे जाड दोन पोलादी रूळ, एकमेकांकडे फिरणारे. त्यांच्यामध्ये रबर कणकेसारखं मळलं जातं. काळा माल संपून पांढरा लावायचा असेल तेव्हा रूळ थांबवून चिकटलेलं काळं रबर पात्याने, शेवटी बोटांनी खरवडून काढावं लागतं. मिस्त्री रुळांपाशी, जावई पॅनलपाशी. पॅनल मिलच्या धडामागे, तिथून रुळांवरचा माणूस दिसत नाही. जावयाने चावी “तयार” वर फिरवायची. मोटर उभी असतानाच तिच्यात वीज भरते, किंकाळी उठते. मिस्त्रीने हात काढून घ्यायचे. जावयाने पाच आकडे मोजून हिरवं बटण दाबायचं. ह्या कामासाठी एक भोंगा होता, तो चार वर्षांपूर्वी जळाला. किंकाळी होतीच, म्हणून कोणी नवा लावला नाही. साहेबांच्या यादीत तो भोंगा चार वर्षं “मागवला आहे” असाच होता.

आणि तीन आठवड्यांपूर्वी मिस्त्रीनेच सुईणीला गाठलं होतं. “बाई, तीस वर्षं ही सटवी माझ्या डोक्यात किंचाळतेय. घरी गेलो तरी थांबत नाही. हिचं तोंड बंद करा की.”

दहा मिनिटांचं काम. ड्राइव्हच्या मेनूत जायचं, चार हजारांचे बारा हजार करायचे. तुकडे जास्त, किंकाळी इतकी वर जाते की ऐकूच येत नाही. ड्राइव्ह थोडा जास्त तापतो, पण मिलवरचा ड्राइव्ह मोटरीच्या मानाने दांडगा होता. तिने आकडा बदलला, मिल चालू केली, स्क्रूड्रायव्हर लावला. शांत. मिस्त्रीने हात जोडले. “बाई, स्वर्ग.”

कारखान्याच्या फाटकात पहारेकरी तिच्याकडे न बघता बाजूला झाला.

आत मिल बंद होती. दोन रुळांमधल्या फटीत अजून ओलं होतं. काळ्या रबराच्या पट्ट्यात शर्टाची निळी बाही लाटली गेली होती, पोळीत सारण लाटावं तशी पातळ. खाली लाकडाच्या भुशाची पोती ओतली होती, तरी भुसा ठिकठिकाणी तपकिरी झाला होता. बाजूच्या मशीनवरची बाई भिंतीला पाठ लावून बसली होती. तिनेच धोक्याची दोरी ओढून मिल थांबवली होती. “ओरडले नाहीत हो ते,” ती कोणालाच उद्देशून नाही असं म्हणत होती. “हात आत जाताना नुसते बघत होते. हाडांचा आवाज आला. त्यांचा नाही.”

साहेब धावत आले. पंचावन्नचे, पोटाला पट्टा ताणलेला, हातात एक कागद. “बरं झालं आलात बाई. पोलीस दोनला येतायत. दोनच ओळी आहेत. ड्राइव्हमध्ये कोणताही दोष नाही, आणि मिल हाताने बटण दाबूनच चालू झाली. एवढी सही करा. खरंच आहे ना हे?”

“खरं आहे,” सुईण म्हणाली.

“झालं तर मग. बाकी काय, घरचं भांडण. सासरा-जावई. कारखान्याचा काय संबंध?”

तिने कागद घेतला, घडी घातली, पिशवीत टाकला. “आधी पोराला बघते.”

स्टोअरचं कुलूप उघडलं तेव्हा आत घामाचा, रबराचा आणि मुताचा वास होता. जावई पोत्यांच्या थप्पीला टेकून बसला होता. चेहरा माणसाचा राहिला नव्हता. डावा डोळा टोमॅटोसारखा फुगलेला, कानातून रक्ताची रेघ मानेपर्यंत, हनुवटी एका बाजूला सरकलेली. बायको जवळ बसली तर तो मागे सरकला. कोणीही जवळ आलं की मार बसतो, एवढंच अंगाला आता ठाऊक होतं.

सुईण समोर उकिडवी बसली. “बटण दाबायच्या आधी किती मोजलेस?”

त्याने पाच बोटं वर केली. मग सहावं.

“सहा?”

मान हलली. मग त्याने त्या मोडक्या तोंडातून एकेक शब्द थुंकीसारखा बाहेर काढला. “काल. सांगितलं. होतं. ना.”

ते सुईणीला आठवत होतंच. स्कूटरवर बसल्यापासून तेच आठवत होतं. काल दुपारी ती पंख्यांची जाळी बदलायला आली होती. जावई तिच्यामागे लागला. “बाई, ते परत पहिल्यासारखं करा. आधी किंचाळायची, आता सुया टोचते. डोळ्यांमागे दुखतं.” मिस्त्री हसला होता. “आवाजच नाही आणि ह्याला सुया टोचतात! जावईबापू, तुमच्या कानात बायको राहते का?” जावई चिडला, मिस्त्री आणखी चिडवत राहिला, “खोटारडा, कामचुकार” पर्यंत गेला, आणि जावयाने त्याची कॉलर धरली. मिस्त्रीने त्याच्या थोबाडीत दिली. दोघांना सोडवायला चार माणसं लागली. मग जावई तिच्याकडे वळला. “बाई, यंत्र लावा. यंत्रावर बघा.” तिने यंत्र काढलंच नाही. स्क्रूड्रायव्हर मोटरला टेकवला, डोळे मिटले, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “काही आवाज नाही. उगीच नाटकं करू नकोस. माझ्या कानाला शिकवतोस?”

आता तिने तेच यंत्र काढलं. मिलपाशी जाऊन मायक्रोफोन मोटरपासून वीतभर लांब बांधला, दुसरी तार ड्राइव्हच्या पोटात अडकवली. साहेबांना सांगून रुळांजवळची माणसं हटवली आणि चावी “तयार” वर फिरवली.

पडद्यावर डावीकडे काही नाही, कारण मोटर उभी होती. माळ ओसाड. आणि बारा हजारांपाशी सुळका उठला. एकटा, चमचे अंगाला चिकटलेले. उंच, पडद्याच्या छताला टेकणारा. चार हजारांना जेवढी उंच किंकाळी होती, तेवढीच ही. आकड्याने तसूभरही कमी नाही. तिने तोंड बंद केलंच नव्हतं. फक्त माळ्यावर नेऊन ठेवलं होतं.

तिने स्क्रूड्रायव्हर मोटरला लावला. मूठ उजव्या कानाला. डोळे मिटले.

शांत.

डोळे उघडले. सुळका तिथेच. पुन्हा मिटले. शांत. ती तशीच वाकून उभी राहिली, मोटरला कान लावून. आणि तिच्या लक्षात आलं की आत आवाज नाही असं नाही, कान नाही. एकोणपन्नासाव्या वर्षी, इतक्या वर्षांच्या मशिनींच्या गोंगाटात, बारा हजारांचा दरवाजा कधी बंद झाला तिला कळलंच नव्हतं. मिस्त्री तर साठीला आलेला, तीस वर्षं मिलवर. त्याचाही बंद. पोराचा मात्र उघडा. त्याने चावी फिरवली, त्याला सुई टोचली, म्हणजे मामांनाही ऐकू आलं असणारच असं त्याच्या अंगाने धरलं. सासरा आवाजच नाही म्हणतो ते चिडवायला, एवढंच त्याला वाटलं होतं. गेले तीन आठवडे काळाच माल चालला होता, खरवडायची वेळच आली नव्हती. आज सकाळी पांढरा लागला.

ड्राइव्हच्या आठवणीत प्रत्येक घटना वेळेसकट राहते. तिने ती उघडली. सात वाजून बावीस मिनिटं, आठ सेकंद: तयार. चौदाव्या सेकंदाला: चालू. सतराव्या सेकंदाला: दोरीने बंद. मधले सहा सेकंद. मारायला निघालेला माणूस सहा आकडे मोजत नाही.

पिशवीतला साहेबांचा कागद तिला जड लागला. त्यातल्या दोन्ही ओळी खऱ्या होत्या. सही केली तर तिच्याकडे कोणी बोट दाखवणार नव्हतं. आकडा कोणता, कधी बदलला हे नेमकं मिस्त्री, जावई आणि ती एवढ्यांनाच माहीत. एक ऑपरेशनच्या टेबलावर, दुसऱ्याचं तोंड मोडलेलं. एक मिनिटभर, पूर्ण एक मिनिट, तिने सही करायचा विचार केला. कागद काढलाही. मग फाटकाकडून ओरडा ऐकू आला. तो खालच्या पट्टीतला होता, तो तिला नीट ऐकू आला.

पैलवान आला होता. मिस्त्रीचा मुलगा, लोडिंगचा मुकादम, तिशीतला, खांदे दरवाजाएवढे. मागे लोडिंगचे सहाजण. हातात तोच रॉड, टोकाला सुकलेलं रक्त आणि दोन केस.

“कापला!” तो ओरडला. “इथून कापला. डॉक्टर म्हणाले, चिखल झालाय, ठेवून काय करू. कुठाय तो हरामखोर?”

साहेब बाजूला झाले. स्टोअरचं दार आतून बहिणीने धरलं होतं. पैलवानाने दोन लाथांत ते बिजागऱ्यांसकट आत पाडलं, बहीण दाराखाली आली, आणि त्याने मेहुण्याला केसांना धरून फरफटत मिलपाशी आणलं. आजवर “दाजी, दाजी” करणारा तो. “चल, तुझाही हात घालू. कोणता घालू, सांग. लवकर सांग.” एकाने जावयाचा उजवा हात मागून धरला, दुसऱ्याने मान. जावयाच्या तोंडातून शब्द निघत नव्हते, नुसती लाळ आणि रक्त.

सुईण मध्ये जाऊन उभी राहिली.

“बाजूला व्हा बाई. तुम्हालाही घालीन.”

“घाल. पण आधी ऐक. तुझ्या बापाचा हात कोणी घालवला ते मला माहीत आहे. नाव सांगते. पुराव्यासकट. त्याआधी तू पाच मिनिटं भिंतीकडे तोंड करून उभा राहायचं.”

“काय नाटक—”

“नाव पाहिजे का नको?”

मागून बहिणीने रॉड दोन्ही हातांनी पकडला होता. कपाळावर दाराची कड लागून रक्त वाहत होतं. “दादा,” ती म्हणाली, “पाच मिनिटांनी मला मार. मग ह्यांना मार. पण पाच मिनिटं थांब.”

तो थांबला. बहिणीमुळे की नावामुळे, सांगता येत नाही.

सुईणीने सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून एका रांगेत उभं केलं. लोडिंगचे सहा, मिलचे चार, ती दोरी ओढणारी बाई, पैलवान, आणि शेवटी साहेबांनाही. स्वतःही उभी राहिली. पॅनलपाशी मिस्त्रीची लेक. “चावी हवी तेव्हा फिरव, हवी तेव्हा बंद कर. आम्हाला सांगू नको. हिरव्याला हात लावायचा नाही. कानात काही टोचलं की ज्याने-त्याने हात वर करायचा. बाकी कोणाकडे बघायचं नाही.”

“शाळा आहे का?” लोडिंगवाला एकजण पुटपुटला.

“तोंड मिट. मोठ्या माणसाचा हात गेलाय.”

शेड शांत झाली. बाहेर वारा पत्रे आपटत होता. चावी फिरल्याची टिक आली नाही, मिलचं धड मध्ये होतं.

सुईणीला काही ऐकू आलं नाही. ती भिंतीवरच्या रंगाच्या पोपड्याकडे बघत राहिली. बाजूला कापड सळसळलं. तिने न राहवून तिरकं बघितलं. लोडिंगच्या पाचजणांचे हात वर. काल गप्प बसलेल्या मिलच्या दोन पोरांचे वर. दोरीवाल्या बाईचा, पन्नाशीची ती, खाली. साहेबांचा खाली. आणि पैलवानाचा मोकळा हात ताठ वर, दुसऱ्यात रॉड.

हात एकदम खाली आले, सगळ्यांचे एकाच वेळी, कोणीतरी दोरी सोडल्यासारखे. परत वर गेले. परत खाली. चार वेळा. चारही वेळा तेच हात.

“बास,” सुईण म्हणाली. “वळा.”

साहेब इकडेतिकडे बघत होते. “कसले हात करताय? काय होतंय? मला तर काही...”

“तेच,” सुईण म्हणाली.

पैलवान मोटरीकडे बघत होता. “सुईसारखं,” तो हळू म्हणाला. “डोळ्यामागे. काल दाजी हेच म्हणत होता. बाबा म्हणाले खोटारडा.”

“तुझ्या बापाला ऐकू येत नाही. ह्या साहेबांना नाही. मला नाही. आधी सगळ्यांना ऐकू यायचं. ऐकू आलं की बाप हात काढून घ्यायचा. आज तुझ्या दाजीने चावी फिरवली, सहा आकडे मोजले, ड्राइव्हमध्ये लिहिलेलं आहे, वाच. बापाला ऐकूच आलं नाही. आवाज वर नेला तिथे भोंगा लावायला पाहिजे होता. नाहीतर निदान काल पोरगं सांगत होतं तेव्हा यंत्र लावून बघायला पाहिजे होतं. नाही बघितलं.”

“कोणी?”

“मी.”

रॉड इतक्या वेगाने आला की तिने पाहिलाच नाही. डाव्या खांद्याखाली बसला. हाड मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला, तो चांगला जाडाभरडा होता. ती गुडघ्यावर आली. दुसरा फटका स्पेक्ट्रमच्या यंत्रावर पडला, पडदा फुटून काचा भुशात उडाल्या. तिसऱ्यासाठी रॉड डोक्याच्या वर गेला, आणि त्याच वेळी जावयाने, ज्याला सकाळपासून उभंही राहता येत नव्हतं, मागून मेहुण्याच्या कमरेला मिठी मारली आणि दोघंही भुशात पडले. पैलवानाने कोपराने त्याच्या मोडलेल्या जबड्यावर मारलं. जावई जनावरासारखा विव्हळला, पण मिठी सोडली नाही. मग पैलवान त्याच्या खाली तसाच पडून राहिला. रॉड सुटून मिलखाली गडगडत गेला. बराच वेळ दोघं त्या तपकिरी भुशात धापा टाकत होते.

“दाजी,” पैलवान शेवटी म्हणाला, “उठा. रक्त येतंय तुम्हाला.”

दोन वाजता पोलीस आले. साहेबांच्या कागदाच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर सुईणीने उजव्या हाताने सगळं लिहिलं होतं. आकडा कधी बदलला, कोणाच्या सांगण्यावरून, भोंगा कधीपासून नाही, काल तक्रार कोणी केली आणि ती कोणी उडवून लावली. ड्राइव्हमधल्या वेळा. भिंतीपाशी कोणाचे हात वर आणि कोणाचे खाली. खाली ज्यांचे, त्यांत स्वतःचं नाव पहिलं. साहेबांनी वाचलं आणि कागद उलटापालटा केला. “बाई, तुम्ही स्वतःच्या पायावर—”

“पायावर नाही. कानावर.”

जावयाला संध्याकाळच्या आत सोडलं. जबड्याला तारा बांधल्या, दोन महिने पातळ अन्नावर. पैलवानावर मारहाणीची केस लागली. सुईणीवर लागली, साहेबांवर लागली, त्या अजून चालू आहेत. डॉक्टरांनी तिचा कान तपासला. नऊ हजारांच्या वर काही नाही, असं लिहून दिलं. दोन कारखान्यांनी तिला परत बोलावलं नाही. बाकीच्यांनी बोलावलं, पण आता कोणी “सुईणबाई, पायाळू आहे का” म्हणत नाही.

आठ दिवसांनी ती हॉस्पिटलात गेली. मिस्त्री खिडकीकडे तोंड करून पडला होता. उजवी बाही कोपरापाशी पिन लावून वर घेतलेली.

“या सुईणबाई,” तो म्हणाला. “शांतता मागितली होती मी. दिलीत.”

ती स्टुलावर बसली.

“जावई रोज येतो,” मिस्त्री म्हणाला. “दारापर्यंत. आत येत नाही. त्याला वाटतं मी अजून त्याला खोटारडा म्हणेन.” त्याने तोंड फिरवलं. “तुमचं तो ऐकेल. त्याला आत पाठवा. मला सांगायचंय, तुझ्या कानात खरंच सुया टोचत होत्या म्हणून.”

जावई जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होता, हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधलेली. सुईणीने खुणेनेच आत जा म्हटलं. तो तिच्याकडे न बघता गेला. तिने मागे वळून पाहिलं नाही.

मिलचे बारा हजार तिनेच परत चार हजार केले, नवा भोंगाही बसवला. भोंगा असा की फाटकाबाहेरचा कुत्रा उठून पळाला. साहेबांनी नाक मुरडलं, पण कोणी तो काढा म्हणालं नाही.

भोंगा बसवला त्याच्या दुसऱ्या दिवशी वारा पडला होता. सुईणीने एका हाताने शटर वर ढकललं, डावा हात गळ्यात बांधलेला. जमिनीवर तो चौथा ड्राइव्ह तसाच उघडा पडला होता, रॉकेलच्या वाटीत ब्रश वाळून कडक झालेला. तिने ब्रश फरशीवर आपटून मऊ केला, ड्राइव्ह दोन्ही पायांत धरला, आणि पंख्याच्या पात्यात ब्रश घातला. काळी धूळ सुटेना. एका हाताने जोर येत नव्हता. तिने वाकून फुंकर मारली, धूळ डोळ्यांत गेली, आणि तिने धुळीला एक शिवी हासडली.